खाटेवरचा बाप, दारातला मुलगा

माणूस पडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो वाशीच्या मार्केटात. फार वर्षं झाली. आमच्या हमालांच्या टोळीतला एक गडी पाठीवर कांद्याचं पोतं घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरत होता. फळी ओली होती. आधी पोत्याचा आवाज आला. धप्प, एकच. मग त्याचा आला. माणसाचा आवाज एक नसतो. आधी अंग पडतं, मागून डोकं पडतं. तो मागचा आवाज बारीक असतो, पण लक्षात तोच राहतो.

पुढे माझी पाठ गेली, मार्केट सुटलं, आणि मी या सेंटरला लागलो. पावणे गावातल्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला तीन मजली इमारत आहे. लकवा झालेली, कंबर मोडलेली, मणक्याला मार लागलेली माणसं मोठ्या हॉस्पिटलातून सुटली की आमच्याकडे येतात. इथे त्यांना परत उठायला, बसायला, चालायला शिकवतात. मी वॉर्डात मामा. वॉर्डात कामाला असलेल्या बाईला सगळे मावशी म्हणतात आणि पुरुषाला मामा. खरं नाव विचारणारा पेशंट मला अजून भेटायचा आहे.

अशा जागी किस्से साठत जातात. कपाटामागे धूळ साठते तसे. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण कपाट सरकवलं की दिसतातच. तुम्ही विचारलंत म्हणून थोडं कपाट सरकवतो. माझं बोलणं सावकाश आहे, तेवढं चालवून घ्या.

*

आमच्याकडे सगळ्यात मोठी भीती पडण्याची. पेशंटला एके सकाळी वाटतं, आज पायात जीव आला. त्याला वाटतं, पण पायाला ते अजून कोणी कळवलेलं नसतं. तो उठतो आणि जमिनीवर जातो. म्हणून प्रत्येक खाटेला बेल आहे. बाथरूमला जायचं तर बेल वाजवा, मामा येईल, मग उठा.

एक रिटायर्ड फौजदार साहेब होते. मिशा भरघोस, डाव्या पायात ताकद नाही. ते बेल वाजवायचेच नाहीत. भिंत धरून, खाट धरून एकटेच निघायचे. दोनदा मी त्यांना अर्ध्या वाटेत पकडलं. मला म्हणाले, "मामा, मी आयुष्यभर लोकांना बोलावून घेतलं. मला मुतायला न्या म्हणून कोणाला हाक मारणार नाही."

तेव्हा आमच्याकडे मेघा सिस्टर नुकत्या आल्या होत्या. वय लहान, आवाज त्याहून लहान. त्यांना दोनच कामं दिली होती. एका पेशंटचा आजार दुसऱ्याला जाऊ द्यायचा नाही, आणि कोणाला पडू द्यायचं नाही. त्या फौजदारांच्या खाटेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमचा गैरसमज झालाय. ही बेल मदत मागायची नाही. ही वाजली की मामांनी हजर व्हायचं, असा हुकूम आहे. आले नाहीत तर मला रिपोर्ट करा."

फौजदारांनी बेलकडे नव्याने बघितलं.

त्या दिवसापासून माझी चैन संपली. बेल वाजली की मी धावायचो. "मामा, पंखा कोणाच्या परवानगीने बंद केला?" बेल. "मामा, तुम्ही जेवलात का?" बेल. "शेजारच्या खाटेवरचा इसम उठायच्या तयारीत आहे, ताब्यात घ्या."

पण साहेब पुन्हा एकटे उठले नाहीत. आणि तो शेजारचा इसम खरंच उठायच्या तयारीत होता. त्याचीच गोष्ट आता पुढे येत राहील.

*

शेजारच्या खाटेवर हिरामणदादा होते. उरणकडचे. अंगाने दणकट, माझ्याच वयाचे. लकव्याने उजवी बाजू गेलेली, लघवीला नळी लावलेली, पण जीभ शाबूत. जन्म खाडीत गेलेला. पुढे त्यांच्या खाडीवर भराव पडला आणि तिथे कंटेनरचं यार्ड झालं. त्यांचा एकुलता एक मुलगा नितेश त्याच यार्डात क्रेनवर कामाला लागला.

त्या दिवसापासून बापाने मुलाच्या हातचं पाणी सोडलं. घर एकच, गॅस दोन. बाप पडवीत स्वतःचं शिजवून खायचा. बोलणं बंद. ही सगळी हकिगत मला त्यांच्या मुलीने, वंदनाने सांगितली. ती अलिबागकडे दिलेली, जमेल तशी येऊन जायची.

नितेश मात्र रोज यायचा. ड्युटी सुटली की हेल्मेट काखेत धरून वॉर्डाच्या दारात उभा. आत पाऊल टाकायचा नाही. मी बाहेर आलो की विचारायचा, "मामा, कसे हायत?"

"बरे आहेत. आज खुर्चीत बसले."

"बरं." मग थोडा वेळ तिथूनच बघत राहायचा. हिरामणदादा तोंड खिडकीकडे करायचे. खिडकीतून समोरच्या कारखान्याच्या पत्र्याशिवाय काही दिसत नाही.

आता अडचण कुठे होती ते सांगतो. सेंटरचा नियम असा, की पेशंट घरी सोडायचा तर घरातल्या एका तरी माणसाने सगळं शिकून घ्यायला पाहिजे. खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, कूस कधी बदलायची, नळीला हात लावताना काय काळजी घ्यायची. तसा माणूस घरात नसेल तर पेशंट आठ-पंधरा दिवसांत पाठीला जखमा घेऊन परत येतो, नाहीतर येतच नाही. हिरामणदादांची बायको गेलेली. सून पोटुशी, तिला वजन उचलायला बंदी. राहिला नितेश. आणि त्याचा हात यांना अंगाला लागायला नको होता.

घरी तर जायचं होतं. रोज सकाळी मला तेच विचारायचे. "मामा, घरा कवा जावाचा?"

मी म्हणायचो, "बघू, सिस्टर काय म्हणतात." दुसरं काय म्हणणार?

*

एकदा नितेशने दारातच माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. गरम होता. "जिताड्याचं कालवण हाय. पन माझं नाव नका घेऊ. कॅन्टीनचं हाय बोला."

जिताडा म्हणजे खाडीचा राजा मासा. आमच्या कॅन्टीनमध्ये आठवड्यातून चार वेळा दुधी असतो.

मी डबा मेघा सिस्टरांना दाखवला. बाहेरचं अन्न त्यांना दाखवल्याशिवाय द्यायचं नाही, असा नियम. त्यांनी झाकण उघडलं, ताजं आहे का बघितलं, मीठ किती घातलंय ते दारातल्या माणसाला विचारून आल्या, आणि म्हणाल्या, "द्या. पण मामा, कॅन्टीनमध्ये आज भेंडी आहे. तेवढं लक्षात ठेवा."

मी ताट वाढून नेलं. हिरामणदादांनी वास घेतला. मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"तुमचे कॅन्टीनला जिताडा कुठनं भेटला?"

"नवीन आचारी आलाय," मी म्हटलं.

डाव्या हाताने सगळं खाल्लं. काटे बाजूला ओळीने लावले. ताट माझ्याकडे देताना म्हणाले, "मीठ कमी हाय."

मी दारात जाऊन तसं सांगितलं. नितेश काही म्हणायच्या आत मेघा सिस्टर मागून म्हणाल्या, "मीठ तेवढंच राहील. त्यांचं बीपी आहे."

दोन दिवसांनी परत डबा आला. मीठ तेवढंच. हिरामणदादांनी खाल्लं आणि मला जवळ बोलावलं. "त्या तुज्या आचाऱ्याला इचार, आयशीनं तुला काय शिकवला का नाय?"

मी शब्द न बदलता निरोप पोचवला. त्या मुलाला मी तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं. हसला आणि लगेच हेल्मेट डोक्यावर घातलं. यार्डात घालतात ते हेल्मेट, बाईकचं नव्हे. ते घालून जिना उतरला.

*

मेघा सिस्टरांनी प्रत्येक खाटेच्या पायाशी हात चोळायच्या औषधाची बाटली लावली. दाबली की फेसासारखं थोडं हातावर येतं. पेशंटला हात लावायच्या आधी चोळायचं, नंतर चोळायचं. डॉक्टर असो, मामा असो, नातेवाईक असो.

बायकांच्या वॉर्डात सानपाड्याच्या एक आजी होत्या. खुब्याचं हाड बसवलेलं. त्यांना सिस्टरांनी शिकवलं, आजी, जेवायच्या आधी एवढं घ्या आणि नीट चोळा. आजींनी औषध घेतलं, तळहातावर चोळलं, बोटांच्या मधे चोळलं, अगदी सांगितलं तसं. आणि मग आरती घेतात तसे दोन्ही हात डोळ्यांना लावायला निघाल्या. सिस्टरांनी हात वरच्या वर धरले.

"आजी, डोळ्यांना नाही लावायचं. झोंबेल."

आजींनी हात डोक्यावरून मागे फिरवले.

"आजी, डोक्यालाही नाही."

"अगं मग उरलेलं काय पायाला पुसू?"

 सिस्टरांनी बाटली उचलून बघितली. वर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

याच आजींना चालायला वॉकर मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने वॉकरच्या दांडीला लिंबू-मिरची बांधली. पहिल्यांदा चालणार, दृष्ट नको लागायला. तिसऱ्या दिवशी लिंबू मऊ पडलं, त्यावर चिलटं. वॉकर तर रोज औषधाने पुसायचा असतो. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हे काढावं लागेल. ओली वस्तू, जंतू होतात."

सून भांडली नाही. संध्याकाळी येताना प्लास्टिकची लिंबू-मिरची घेऊन आली. गाड्यांच्या दुकानात मिळते ती. बांधली आणि सिस्टरांना म्हणाली, "ही पुसता येते."

सिस्टरांनी ती हातात घेतली, उलटसुलट बघितली. मग मला म्हणाल्या, "मामा, वॉकर पुसताना हीसुद्धा पुसत जा."

मी रोज पुसायचो. आजी चालत गेल्या. लिंबू-मिरची वॉकरसकट मागे राहिली ती पुढच्या पेशंटने काढू दिली नाही.

*

मग हिरामणदादांना ताप आला. लघवी तपासली, तर त्यात औषधांना दाद न देणारा जंतू निघाला. तो जंतू एका हातावरून दुसऱ्या खाटेवर जातो. म्हणून त्यांना कोपऱ्यातल्या एकट्याच्या खोलीत हलवलं. दाराला काच. आत जाणाऱ्याने पिवळा गाऊन घालायचा, हातमोजे, मास्क. बाहेर येताना सगळं तिथेच टाकायचं.

पहिल्या दिवशी मी नखशिखांत पिवळा होऊन आत गेलो. त्यांनी मला ओळखलं नाही. मी बोललो तेव्हा आवाजावरून ओळखलं. अंगात ताप, ओठ सुकलेले, तरी म्हणाले, "काय मामा, कुनाची हलद हाय? नवरा तूच का?"

मी म्हटलं, "या वयात कोण देणार?"

ते हसले. त्यांच्याकडे हळदीला गाव लोटतं, अख्खी रात्र बेंजो वाजतो, हे मला ठाऊक होतं. पण त्या खोलीत फक्त सलाईन होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मामा, खरा सांग. मना वालीत टाकला का?"

"वाळीत नाही दादा. थोडे दिवस वेगळं ठेवलंय."

"वेगला जेवन, वेगला भांडा, कोन जवल येत नाय. मंग वालीत म्हंजे काय असतं?"

मी त्यांचं अंग पुसत होतो. पुसत राहिलो. काचेच्या पलीकडे नितेश उभा होता. त्याला आतलं ऐकू येत नव्हतं.

हिरामणदादांनी काचेकडे बघितलं. खिडकीकडे नाही वळले, कारण त्या खोलीला खिडकीच नव्हती. बघत होते. मग मला म्हणाले, "त्यो रोज दरवाज्यान उभा ऱ्हातं. तुमी त्याला आत का नाय सोरत?"

"आम्ही अडवलेलं नाही, दादा. तुम्हीच नको म्हणालात."

 भिंतीकडे तोंड करायचं तर उजव्या कुशीवर वळायला लागतं आणि ती बाजू त्यांची चालत नव्हती. म्हणून डोळे मिटून घेतले.

फौजदारांनी आपल्या खाटेवरून चौकशी केली. "मामा, शेजारी कधी सुटणार?" मी म्हटलं, ताप उतरू दे. रिकाम्या खाटेवर त्यांनी कोणाला टॉवेलसुद्धा ठेवू दिला नाही. जागा राखीव आहे म्हणाले.

*

ताप उतरला, तपासणी चांगली आली, हिरामणदादा पुन्हा वॉर्डात आले. पण अंगातली ताकद गेली होती. वंदना आली. नेहा मॅडम, म्हणजे आमच्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम, तिला खाटेवरून खुर्चीत घ्यायला शिकवायला लागल्या. पेशंटच्या कमरेला पट्टा बांधायचा, आपले गुडघे त्याच्या गुडघ्याला लावायचे, पट्टा धरून उभं करायचं आणि वळवून खुर्चीत बसवायचं. ताकदीपेक्षा तोल लागतो.

वंदना अंगाने बारीक. तिने पट्टा धरला, बापाला उभं केलं, आणि दोघंही बापाच्या लुळ्या बाजूला कलायला लागले. नेहा मॅडमनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. त्याच वेळी दारातून कोणीतरी दोन ढांगा आत आलं. नितेश होता. बाप खुर्चीत बसला तसा तो जिथे होता तिथेच थांबला. आपले बूट वॉर्डाच्या फरशीवर आहेत हे त्याला आत्ता दिसलं. मागे सरून परत दारात उभा राहिला.

मेघा सिस्टर म्हणाल्या, "या ना आत. तुम्हीच शिकून घ्या. तुमच्याच्याने जमेल."

नितेशने बापाकडे बघितलं.

हिरामणदादा खुर्चीत धापा टाकत होते. म्हणाले, "त्याचा हात नको."

मोठ्याने नाही म्हणाले. पण सगळ्यांनी ऐकलं.

वंदना रडली नाही. ओढणीने घाम पुसला. बाहेर जाऊन फोन केला. परत आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, पनवेलच्या पुढं एक जागा हाय. म्हाताऱ्या मानसांची. तिथं नर्स असते. मी मागंच बघून आले. शनिवारी गाडी घेऊन येते."

"बरी हाय का?"

"बरी हाय."

"खारी दिसते?" खाडीला ते खारी म्हणायचे.

"नाय बाबा. डोंगर हाय."

"चालल," ते म्हणाले.

फौजदार एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलायचे. त्या दिवशी त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता.

शनिवारपर्यंत मला रोज सकाळी वाटायचं, आता विचारतील, घरा कवा जावाचा. पण त्यांनी ते विचारणं बंद केलं होतं.

*

शुक्रवारी दुपारी भेटायच्या वेळेला मेघा सिस्टरांनी एक मलम आणलं. हाताला लावलं तर साध्या उजेडात काही दिसत नाही. त्यांच्याकडे एक जांभळा दिवा होता, त्याखाली तेच मलम हिरवट चमकतं. आपला हात कुठे कुठे लागला, धुताना काय राहिलं, सगळं उघडं पडतं. त्यांनी आलेल्या सगळ्या नातेवाइकांच्या आणि आम्हा कामवाल्यांच्या तळहातांना ते मलम चोळलं आणि म्हणाल्या, "आता रोज करता तेच करा. धुवायचे तेव्हा धुवा. तासाभराने बघू."

नितेश दारात होता. म्हणाला, "मी तं आत जात नाय, सिस्टर."

"हात पुढे करा," सिस्टर म्हणाल्या.

त्याने हेल्मेट खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. खरबरीत हात. सिस्टरांनी त्याच्या तळव्यांना मलम लावलं.

मग जेवणं झाली. हिरामणदादांना झोप लागली. मी चहाची भांडी विसळायला खाली गेलो. वॉर्डात कोण कुठे होतं ते मला सांगता येणार नाही. बरेच जण येत-जात होते.

तासाने सिस्टरांनी पडदे ओढले, दिवे बंद केले, आणि जांभळा दिवा पेटवला. दुपारच्या वॉर्डात एकदम संध्याकाळ झाली. आधी माझे हात बघितले. तळवे स्वच्छ, पण नखांच्या कडेला हिरवं. मी हात खिशात घातले. मग टीव्हीचा रिमोट, तो तर कंदिलासारखा दिसत होता. मग बेलची बटणं. मग सिस्टरांनी दिवा फौजदारांच्या तोंडावर धरला, तर मिशीची दोन्ही टोकं हिरवी. त्यांची बायको आली होती, तिच्या हाताला मलम होतं.

बायको लाजली. फौजदार म्हणाले, "पुरावा आहे. मला गुन्हा मान्य आहे."

सगळे हसले. हसतच सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या आणि दिवा खाटेच्या कडेवरून खाली येत हिरामणदादांच्या पायांवर आला.

हसणं हळूहळू थांबलं.

हिरामणदादांच्या दोन्ही टाचांना हिरवे पंजे होते. बोटं मोजता येतील इतके स्पष्ट. टाच खालून ओंजळीत धरून वर उचलावी तसे. चादरीवर थोडं पुसटलेलं. आणि पोटऱ्यांच्या खाली उशी होती, तिच्या दोन्ही कडांना हिरवं.

ती उशी कशाला असते ते सांगतो. पडून राहणाऱ्याच्या टाचा गादीला घासून जखमा होतात. म्हणून उशी पोटऱ्यांच्या खाली द्यायची, आणि टाचा अधांतरी राहतील असं बघायचं. नेहा मॅडम हे रोज दाखवायच्या. बहुतेक लोक उशी टाचेखालीच सारतात आणि मॅडमना ती परत परत नीट करावी लागते. ही उशी बरोबर जागेवर होती. टाचा हवेत होत्या.

सिस्टरांनी हळूच विचारलं, "मामा, तुम्ही?"

"नाही, सिस्टर. मी खाली होतो."

"वंदनाताई?"

फौजदार म्हणाले, "ती उद्या येणार आहे."

 एकेक जण दाराकडे बघायला लागला. दारात नितेश उभा होता. त्याने हात पाठीमागे घेतले होते. सिस्टरांनी दिवा त्याच्याकडे वळवला नाही. पायांवरच धरून ठेवला.

एवढ्या शांततेने हिरामणदादा जागे झाले. अंधार, सगळे आपल्या खाटेभोवती. घाबरले. "काय झाला? माज्या पायाला काय झालाय?"

"काही नाही, काका," सिस्टर म्हणाल्या. "कोणीतरी तुमचे पाय उचलून खाली उशी दिली. अगदी बरोबर दिली. फक्त हात धुतले नव्हते, म्हणून दिसतंय."

मी त्यांच्या पाठीला हात देऊन त्यांना थोडं वर केलं. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. उजव्या पायाला तर काही लागलं तरी त्यांना कळायचं नाही. डाव्याला कळायचं. डाव्या पायावरचे ठसे ते जास्त वेळ बघत राहिले.

मग त्यांनी मान वर केली, आणि सगळे बघत होते तिकडे बघितलं.

सिस्टरांचा हात दिवा धरून अवघडला असेल. तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

हिरामणदादांनी मला कोपराने ढोसलं. जवळ बोलावून सांगायची गोष्ट असावी तसं, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मामा, त्याला बोल, पयले हात धुवाला."

मी दाराकडे वळलो. नितेशने पाठीमागचे हात पुढे आणले, एकदा त्या हातांकडे बघितलं, आणि बेसिनकडे चालत गेला.